करमाळ्याची पाणंद, कोकणचा सडा आणि स्पिती: ऑल-व्हील ड्राइव्ह कुठपर्यंत साथ देते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात राहता. नुकतीच ग्रँड विटारा ऑलग्रिप, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरची घेतली आहे. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. सासरची शेती करमाळ्याकडे, उजनीच्या फुगवट्याजवळ. शेवटचे दोन किलोमीटर पाणंद. कोकणात येणं-जाणं असतं आणि पुढच्या जूनमध्ये हिमाचलातल्या स्पितीचा विचार आहे. तुम्ही विचारलंय, "लॉक मोड लावला की चारही चाकं ओढतात, मग गाडी अडायचं कारण काय? आणि टायर आत्ताच ऑल-टेरेन घालू का?"

अडायची कारणं पुष्कळ आहेत, आणि लॉकच्या मोडने त्यातलं एकच सुटतं. ऑल-टेरेन, म्हणजे मोठ्या खाचांच्या, कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या टायरांचं उत्तर 'आत्ता नको' असं आहे. ते का, हे ओघात येईलच.

आधी गाडीत काय आहे ते पाहू. पुढची चाकं कायम ओढतात. मागच्या चाकांकडे ताकद न्यायला खालून एक लांब शाफ्ट जातो आणि मागच्या डिफरन्शियलपाशी (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटून देणारे गिअर) क्लच प्लेट्सचा एक संच असतो. गाडीतला कॉम्प्युटर तो गरजेप्रमाणे आवळतो आणि सैल करतो. ऑटो मोडमध्ये पुढची चाकं सरकायला लागली किंवा सरकतील असा अंदाज आला, की मागे ताकद जाते. लॉकमध्ये हा क्लच आवळलेलाच राहतो, आणि वेग वाढला की लॉक आपोआप सुटतो. थार किंवा जिम्नीला असते तशी लो रेंज तुमच्याकडे नाही. म्हणजे चढावर अगदी हळू, पण भरपूर जोराने चढायची सोय नाही. तुमच्या मॅन्युअल गाडीत त्याचा सगळा भार डाव्या पायाखालच्या क्लचवर येतो. दगडी चढावर अर्धा क्लच धरून पाच मिनिटं खेळलात तर जळका वास येईल, आणि त्या वासाचं बिल मोठं असतं.

दुसरी गोष्ट, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल साधंच आहे. खड्ड्यातून तिरकं जाताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं, की ती दोन चाकं फिरत बसतात आणि गाडी जागेवर राहते. अशा वेळी कॉम्प्युटर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, म्हणजे ताकद त्याच जोडीतल्या दुसऱ्या चाकाला मिळते. त्याला एक-दोन सेकंद लागतात आणि खालून कटकट असा आवाज येतो. बहुतेक लोक नेमके त्याच क्षणी घाबरून पाय काढतात आणि मग म्हणतात की सिस्टिम काम करत नाही. अॅक्सिलरेटर स्थिर धरा आणि त्या दोन सेकंदांत काही करू नका. चिखलात किंवा वाळूत मात्र गाडी दम सोडतेय असं वाटलं तर ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, तिच्या बटणाने बंद करा, कारण चाक सरकलं की ते इंजिनची ताकद कापतं. डांबरावर परत आल्यावर चालू करायला विसरू नका.

आता तुमची पाणंद. करमाळ्याची माती काळी, आणि काळ्या मातीपुढे मी कुठल्याही गाडीची हमी देत नाही. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. दोन-तीन चकरांत टायरच्या खाचा भरून जातात, मग चारच्या चार चाकांवर गुळगुळीत चिखलाचा पट्टा बसतो. चारही चाकं ओढतायत खरं, पण कशावर? हवा कमी करूनही इथे फारसा फरक पडत नाही. ऑल-टेरेन टायरच्या खाचाही याच मातीने भरतात, फक्त थोड्या उशिरा. चाकाच्या कमानीत माती साचून साचून चाक घासायला लागलेली गाडी मी पाहिली आहे. शेवटी खुरप्याने माती काढावी लागली. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस झाला असेल तर गाडी डांबराच्या कडेला, ओळखीच्या अंगणात लावा आणि दोन किलोमीटर चालत जा, किंवा आईंसाठी ट्रॅक्टर बोलवा. दोन दिवस कडक ऊन पडलं की तीच पाणंद तुमची गाडी ऑटो मोडमध्येही हसत पार करेल. पाणंदीवर मुरूम टाकलेला असेल तर हिशोब बदलतो; मुरूम ओला असला तरी पकड देतो. पण मुरूम नुसता वरवर पसरलाय की दाबून घातलाय, हे उतरून टाच मारून बघा. टाच रुतली तर चाकही रुतणार.

पाणंद वाळल्यावर वेगळाच त्रास असतो. तुमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या जातात. ओल्या मातीत त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून घट्ट होतात. चाकोरीत उतरलात की ट्रॅक्टरच्या चाकांमधला उंचवटा तुमच्या गाडीच्या पोटाला लागतो. कंपनीचा २१० मिलिमीटरचा आकडा छान आहे, पण पाच माणसं आणि डिकी भरून सामान घेतलं की गाडी खाली बसते, आणि मागचा भाग जास्त बसतो. पोट टेकलं की चाकांवरचं वजन कमी होतं, मग चार चाकं काय आणि आठ काय. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर ठेवून चाला. जमेल असं वाटत नसेल तर सगळ्यांना उतरवा. चार माणसं उतरली की बरंच वजन कमी होतं, गाडी वर येते, आणि बाहेर उभा असलेला माणूस पोटाखाली किती जागा आहे ते सांगू शकतो. मुलांना हे काम फार आवडतं. फक्त त्यांना गाडीच्या समोर किंवा उताराच्या बाजूला उभं करू नका.

उजनीच्या काठाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण उन्हाळ्यात पाहुणे आले की 'चला, पाण्यापर्यंत गाडी नेऊ' हे निघणारच. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळपेर जमीन वरून भेगाळलेली, कडक दिसते. ती दुधावरची साय आहे. पाण्याकडे जाल तशी पातळ होत जाते आणि खाली ओला गाळ असतो. गाडी आत जाताना काही जाणवत नाही, वळवायला थांबलात की बसते. पवना, पानशेत, भंडारदरा, सगळीकडे हाच प्रकार. ताज्या ट्रॅक्टरच्या खुणा दिसल्या तरी त्या तुमच्यासाठी नाहीत. ट्रॅक्टरचं मागचं चाक केवढं आणि तुमचं केवढं. माझा नियम सोपा आहे: जिथे चालताना चपलेला ओल लागते, तिथून गाडी दूर. आणि वाळकं गवत गुडघ्यापर्यंत असेल तिथे गाडी उभी करू नका. सायलेन्सरच्या मार्गातला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खूप तापलेला असतो आणि मार्च-एप्रिलच्या गवताला तेवढं पुरतं. वणवा लागला तर आधी गाडी जाते, मग लोकांची कुरणं.

अडकलात तर पहिली गोष्ट म्हणजे चाकं फिरवणं बंद करा. प्रत्येक फेरीला चाक खाली जातं आणि मागचा तो क्लच तापतो. जास्त तापला की डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी तात्पुरती पुढच्या दोन चाकांची होते, नेमकी तेव्हा जेव्हा तुम्हाला चारही हवी असतात. इंजिन चालू ठेवून थांबा, थंड होऊ द्या. तेवढ्या वेळात फावड्याने चाकांच्या पुढची-मागची माती उतरती करा, पोटाखालची काढा, दगड किंवा फळ्या घाला. आलात त्याच वाटेने मागे निघणं बहुतेक वेळा सोपं असतं, कारण ती जमीन चाकाखाली दाबली गेलेली असते. जॅक लावायचा असेल तर खाली जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो.

तेवढ्यानं नाही झालं तर ट्रॅक्टर. गावात ट्रॅक्टर मिळतो, आणि ओढणारा माणूस पैसे घ्यायला लाजतो, आग्रहाने द्या. पण दोर कुठे बांधायचा हे त्याच्यावर सोडू नका. तुमच्या टूलकिटमध्ये स्क्रूसारखा फिरवून बसवायचा हूक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पूर्ण आवळून बसवा. दोर सस्पेन्शनच्या आर्मला, स्टेअरिंगच्या रॉडला किंवा बंपरच्या आत हाताला लागेल त्याला बांधू नका. हा हूक सरळ, हळू ओढण्यासाठी असतो. ट्रॅक्टरवाल्याने झटका दिला तर हूक तुटून काच फोडून आत येऊ शकतो. दोर आधी ताणू द्या, मग ओढू द्या. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये, आणि दोरावर मधोमध घोंगडी किंवा ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी उडत नाही. तुम्ही स्टेअरिंगवर बसा, पहिल्या गिअरमध्ये हलकी मदत करा. आणि एक लक्षात ठेवा: गाडी बंद पडून गॅरेजला न्यायची वेळ आली तर दोन चाकं वर उचलून ओढणारी क्रेन नको म्हणून सांगा. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये जमिनीवर फिरणारी चाकं मागचा क्लच आणि गिअरबॉक्स खराब करू शकतात. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा, फोनवरच सांगा.

कोकणात प्रश्न वेगळा आहे. लाल माती काळीइतकी चिकट नसते, पण जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. ओल्या शेवाळावर कुठलाही टायर नीट धरत नाही. चढाला ऑल-व्हील ड्राइव्ह थोडीफार मदत करते, उताराला अजिबात नाही. थांबवण्याच्या बाबतीत तुमची गाडी आणि शेजाऱ्याची साधी गाडी सारखीच. उलट चढ सहज चढली म्हणून उतारावर जास्त भरवसा वाटतो, तोच घात करतो. उतरण्याआधी थांबा, पहिला गिअर टाका, हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) लावा आणि क्लचवरून पाय काढून घ्या. घसरायला लागली तर ब्रेक गच्च दाबू नका. हलका सोडा, चाक फिरू द्या, मग स्टेअरिंग ऐकेल. चढ-उतारावर नेहमी सरळ जा, तिरकं नको. चढावर मध्येच दम संपला तर तिथे वळवायचा विचारही करू नका, रिव्हर्स टाकून सरळ खाली या.

सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, गाडी नेण्याचा मोह होतो, कारण ते मोकळे आणि सपाट असतात. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी अशा ठिकाणची शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. यातली बरीच उघड्यावर आहेत, काहींना कुंपण नाही, आणि पावसाळ्यात गवत-फुलांखाली ती दिसतही नाहीत. हजारो वर्षं टिकलेली रेघ दीड टनाच्या गाडीखाली खराब होईल. सड्यावर मळलेली वाट सोडून एक फूटही गाडी घालू नका. कासच्या पठाराची गोष्टही तीच. फुलं बघायला पायच लागतात.

किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, एवढंच सांगून पुढे जाईन असं ठरवलं होतं, पण दर सुट्टीत लाटांत बुडालेल्या गाडीचा एक तरी व्हिडिओ येतो म्हणून दोन ओळी जास्त. अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे आणि पोलिस गुन्हा दाखल करतात. वेळास, आंजर्लेसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांची घरटी वाळूखाली असतात आणि वरून दिसत नाहीत. ओहोटीला कडक वाटलेली ओली वाळू भरती येताना खालून सैल होते. तुम्ही वडापाव खाऊन येईपर्यंत चाकाभोवती पाणी असतं. वाळूवर चालवायचंच असेल तर केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला किनाऱ्यावर गाडी चालवायची रीतसर सोय आहे. तिथे हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, वळणं मोठी घ्या, थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या. आणि परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पावसाळ्यात गाडीपेक्षा माणसं जास्त धोक्यात येतात. तुमचा टायर २१५/६० आर १७ आहे, म्हणजे उभी उंची साधारण ६९ सेंटिमीटर. चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३४ सेंटिमीटरवर. साचलेल्या, स्थिर पाण्यात यापेक्षा खोल जाऊ नका. वाहत्या पाण्यात हा आकडाही विसरा. ३० सेंटिमीटरचं वेगवान पाणी बऱ्याच गाड्या वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर असेल तर एसयूव्हीही टिकत नाही, चार चाकं ओढत असली तरी, कारण चाकांवर वजनच राहत नाही. फरशी पुलावरून किंवा सांडव्यावरून पाणी जात असेल आणि पुलाच्या कडा दिसत नसतील, तर थांबा. पुढे एसटी गेली म्हणून जाऊ नका. तिचं वजन, तिच्या चाकाची उंची आणि त्या ड्रायव्हरचा रोजचा अनुभव, तिन्ही तुमच्याकडे नाहीत.

उथळ ओढा ओलांडायचा असेल तर आधी काठी घेऊन चालत जा. पाणी अर्ध्या पोटरीच्या वर किंवा पाय उचलला जाईल इतकं जोरदार असेल, तर तिथेच निर्णय झाला. तळ दगडी आहे की गाळ, मध्ये खळगा आहे का, पलीकडे चढायला जागा कशी आहे, ते बघून घ्या. मग पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने, मध्ये न थांबता आणि गिअर न बदलता पलीकडे. इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या विम्यात सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, आजच बघा.

टायरांकडे येतो. आत्ताचे टायर रस्त्याचे आहेत आणि तुमच्या वापराला ते पुरतात. ऑल-टेरेन घातले तर ओल्या डांबरावर थांबायला सहसा जास्त अंतर लागेल, आवाज वाढेल, मायलेज उतरेल. आणि तुमची बहुतेक सगळी किलोमीटर पुणे-सोलापूर रस्त्यावर जाणार. हे टायर झिजले की त्याच मापाचे हलके ऑल-टेरेन घ्या, पण चारही एकदम. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या खाचांत पाच मिलिमीटरचा फरक असला तर व्यासात दहाचा पडतो, म्हणजे जवळपास दीड टक्का. मग पुढची आणि मागची चाकं कायम वेगळ्या गतीने फिरतात आणि मागच्या डिफरन्शियलपाशचा क्लच विनाकारण घासत राहतो. एखादा टायर फुटला तर नवा एकटा घालू नका, आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती टाकून फक्त जवळच्या दुकानापर्यंत जा.

टायर बदलण्यापेक्षा १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर आणि साधा प्रेशर मीटर घ्या. खडकाळ, खडीच्या रस्त्यावर हवा २६ ते २८ पीएसआय ठेवली की गाडी आपटत नाही, पकड सुधारते आणि आईंच्या पाठीला आराम मिळतो. टायर प्रेशरचा दिवा लागेल, तो लागणारच. डांबरावर वेग घेण्याआधी हवा परत भरा, नाहीतर टायर तापतो. चिखलातून आल्यावर हायवेला ८०च्या पुढे स्टेअरिंग थरथरलं तर अलाइनमेंटला धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असतो, तो खरवडा.

स्पितीचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण खरं तर तेच तुलनेने सोपं आहे. काझाला हिमाचल परिवहनची बस जाते, तिला मागचीच चाकं ओढतात. मनालीकडून अटल बोगद्याने जाऊन ग्राम्फू, छत्रू, बातल, कुंझुम हा टप्पा दगडधोंड्यांचा आणि नाल्यांचा आहे. हे नाले वितळत्या बर्फाचे असतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येतं. मनालीहून पहाटे निघा, नाले दुपारच्या आत मागे टाका. कुंझुम साधारण साडेचार हजार मीटरवर आहे. तुमचं इंजिन टर्बोचं नाही, त्यामुळे तिथे त्याची ताकद पस्तीस ते चाळीस टक्क्यांनी उतरते. दगडी चढावर गाडी दुबळी वाटेल, अर्धा क्लच धरून ओढायची इच्छा होईल, ते टाळा. सामान कमी ठेवा, छतावर काही लादू नका.

पण आई सोबत आहेत म्हणून मी उलट्या बाजूने जायला सांगेन. शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा. उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते, आणि रस्ता बहुतांश डांबरी आहे. काझाला दोन रात्री राहा, आईंची तब्येत बघा. मग बस स्टँडवर जाऊन आदल्या दिवशी कुल्लूकडून आलेल्या बसच्या ड्रायव्हरला विचारा, नाल्यांना पाणी किती होतं आणि किती वाजता ओलांडलं. तो बरोबर सांगतो. तो 'मत जाओ' म्हणाला तर आलात त्याच रस्त्याने परत या.